तळव्यावरची धार

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुली, आणि दोघी इतक्या सारख्या की खुद्द आईलाही एकीच्या मनगटाला दोरा बांधून ठेवावा लागे. सगळे नातेवाईक बघून आले. आजोबा तेवढे गेले नाहीत, आणि लेक पोरींना घेऊन यायचं म्हणाली तर तिलाही येऊ देईनात. कारण विचारलं की एकच उत्तर: "दाढी वाढलीय."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण आबांनी उभा जन्म लोकांच्या दाढ्या करण्यात घालवला होता. चौकातलं त्यांचं दुकान दोन खुर्च्यांचं, पण माणसं वाटेतली दुकानं ओलांडून त्यांच्याकडे येत. आधी स्वतःची दाढी, मग जगाची, हा त्यांचा नेम. बायको गेली त्या सकाळीही तो चुकला नव्हता. पुढे हातांना कंप सुटला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकं इतरांना वाटून दिली, खुर्च्या देऊन टाकल्या आणि एक वस्तरा तेवढा घरी आणला. मग हृदयाचं दुखणं आलं, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, आणि चेहऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण घरी येऊन दाढी करून जायचा. एकदा त्याचं ब्लेड गालावर जरासं ओढलं गेलं आणि रक्त काही केल्या थांबेना. टॉवेल भिजला, उशी भिजली. त्या बिचाऱ्याने तेव्हापासून हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे मशीन फिरवा, पातं नको.

मशीनने खुंट राहतात. आबा गालावरून तळवा फिरवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

"खवणीसारखं तोंड घेऊन तान्ह्या पोरींना जवळ घेऊ?" ते म्हणत. "आजोबा म्हणून पहिल्यांदा गाल लावायचा आणि पोर किंचाळायची. नको."

धाकटा मुलगा आणि सून त्यांच्याजवळ राहत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. या मुलाला आबा काजळ्या म्हणत, आणि मग सगळं घर म्हणू लागलं. बापाचा धंदा त्याने घेतला नाही. तो ज्या शेडमध्ये कामाला होता तिथे पोलादाच्या वस्तूंवर कार्बनचा थर चढवत. खरा हिरा नव्हे, पण हिऱ्याच्या वळणावर गेलेला कार्बन; काळा, कठीण आणि गुळगुळीत. इंजिनाच्या पिना, विणकामाच्या यंत्रांच्या सुया, पाकिटं कापणारी पाती, असला माल येई. जाड पोलादी पिंपासारख्या चेंबरमध्ये माल टांगायचा, आतली हवा पंपाने ओढून काढायची, मग अगदी थोडा गॅस सोडून त्यात वीज खेळवायची. गॅस उजळतो, पण ती आग नसते. तिला प्लाझ्मा म्हणतात. त्या उजेडात गॅसमधला कार्बन सुटतो आणि मालावर बसतो. मालावर बसतो तसा चेंबरच्या भिंतींवरही बसतो, आणि नवा होता तेव्हा भिंती घासायचं काम याच्याकडे होतं. रोज नखांत काळं घेऊन घरी यायचा. म्हणून काजळ्या.

"थर चढवता म्हणजे किती जाड?" आबांनी एकदा विचारलं होतं.

"एका केसाचे शंभर उभे काप करा. त्यातला एक काप. कधी त्याहून पातळ."

"केसाचं मला शिकवतोस?"

"शिकवत नाही आबा, सांगतोय."

"डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि चढवला म्हणता. बिनपाण्याने हजामत करता की रे तुम्ही लोकांची."

बापलेकांचं बोलणं हे असं चाले. दुकानाचा विषय मात्र दोघंही काढत नसत.

थोरलीचा फोन आला त्या दिवशी ती रडली. पोरी हसायला लागल्या होत्या, आणि आजोबांनी त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर सून भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुमच्या त्या काळ्या पात्यांचं एवढं कौतुक सांगता. कागद कापताना अडकत नाहीत, ओढत नाहीत, लोण्यातून जातात. मग घरातल्या पात्याने काय घोडं मारलंय?"

काजळ्याच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. तो गप्प होता त्याला कारण होतं, आणि ते कारण आबांना सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्याने सांगून टाकलं.

"आबा, तुमच्या वस्तऱ्यावर थर चढवू?"

"भट्टीत घालशील. पाणी उतरेल त्याचं."

"भट्टी नाही ती. पोलादाचं पाणी उतरेल एवढं गरम मी होऊच देणार नाही. थांबत थांबत चढवीन."

"मग काय होईल?"

"ओढणार नाही. केसावरून, कातडीवरून नुसता सरकेल. कापणारच नाही असं नाही म्हणत मी. पण ओढणार नाही."

आबांनी कप खाली ठेवला. कपातला चहा हलत राहिला. "आणि धार?"

"धार आधी लावायची. एकदा थर चढला की मग तो दगडावर न्यायचा नाही. नेला तर थर गेला."

"म्हणजे लावू ती शेवटची."

"हो."

आबा खिडकीकडे बघत बसले. आपल्या वस्तऱ्याला दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी दगड दाखवू दिला नव्हता. दुकानात कुणी त्यांच्या हाताची तारीफ केली की ते म्हणत, हात काय, दाढी करते ती धार. काजळ्याला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने आबा म्हणाले, "माझा दगड कुठे ठेवलाय बघ. कपाटाच्या खाली असेल. आणि पाणी आण, कोमट नको."

कंप त्यांना मोकळ्या हाताचा होता. हात दगडावर टेकला, बोटांत वस्तरा आला, की कंप थांबायचा. काजळ्या उंबऱ्यात उभा राहून बघत होता. वस्तरा दगडावर पुढे जाई, पाठीवर उलटे, मागे येई. मध्ये मध्ये आबा थांबून श्वास घेत. शेवटी त्यांनी चामड्याचा पट्टा मागितला, त्यावर पातं फिरवलं, आणि मग डाव्या तळव्याच्या उशीवर दोनदा चापट मारल्यासारखं पुसलं. धार तपासायची ही त्यांची रीत. तळव्याशिवाय त्यांचा दुसऱ्या कशावर विश्वास नव्हता.

शेडच्या मालकीणबाईंनी आधी नाहीच म्हटलं. घरची वस्तू चेंबरमध्ये घालायची नाही असा तिथे नियम होता, आणि तो बरोबर होता. कुठल्या तरी वस्तूला लागलेलं तेल आत उडालं तर पुढच्या सगळ्या मालाला भोवतं. पण काजळ्याने कशासाठी ते सांगितल्यावर बाई काही वेळ पेन फिरवत राहिल्या.

"मूठ काढून आण," त्या म्हणाल्या. "शिंग, लाकूड, गोंद, काही आत चालणार नाही. हवा गेली की त्यांना घाम फुटतो. आणि तो एकटाच घालायचा, दुसऱ्या मालाबरोबर नाही."

"वडिलांना बघायला यायचंय."

"येऊ देत. टोपी घालायला लाव."

आबा आले. त्यांना शर्टावरून पांढरा कोट चढवला, डोक्याला टोपी दिली. पंप सांभाळणारे काका तिथले सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "टोपी नीट ओढा आबा. तुमचा एक केस आत गेला तर आमची अब्रू गेली."

"माझ्या दुकानात उलटं होतं. केस चालायचे, टोपी चालायची नाही." आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा डावा कल्ला खाली उतरलाय. कुणाकडे जाता?"

"घरीच करतो."

"दिसतंच आहे."

काका एवढे हसले की त्यांना पंपाचा आवाज ऐकू येईना, आणि पंपाचा आवाज ऐकू येत नाही म्हणजे त्यांचा जीव खाली-वर व्हायचा.

मुठीची पिन काढून काजळ्याने नुसतं पातं घेतलं. हातमोजे घालून ते साबणाच्या गरम पाण्यात सोडलं. ते पाणी यंत्राने बारीक थरथरत असतं आणि डोळ्यांना न दिसणारी घाण सोडवतं. मग स्पिरिटने धुतलं, गरम हवेने वाळवलं, आणि धूळ न धरणाऱ्या कापडावर, ट्रेमध्ये ठेवलं. शेजारी पोलादाची एक लहान पट्टी ठेवली. प्रत्येक खेपेत मालाबरोबर अशी पट्टी टांगतात. थर कसा बसला याची परीक्षा तिच्यावर करायची, म्हणजे मालाला धक्का नको. मग तो चेंबरमध्ये वाकून पातं टांगायचे आकडे बसवू लागला. आबा ट्रेजवळच्या खुर्चीत बसले होते. काजळ्याची पाठ त्यांच्याकडे होती.

दार लागलं. पंप हवा ओढू लागला. आतली हवा जाईपर्यंत चहा झाला, आबांची एक डुलकी झाली. मग काजळ्याने त्यांना जागं करून दाराच्या काचेशी नेलं. आत आर्गॉन गॅसचा जांभळा उजेड पातं न्हाऊ घालत होता.

"वांग्याच्या फुलाचा रंग," आबा म्हणाले. "आता थर चढतोय?"

"अजून नाही. हा गॅस पोलाद घासतो. आपण साबणाने धुतो त्याच्या पुढची धुलाई. एरवी जास्त वेळ घासतो. तुमची धार नाजूक, ती आधी तापते, म्हणून थोडंच घासतोय."

"बरोबर. धारेला जपावं."

मग अस्तर म्हणून सिलिकॉनचा एक थर, पोलाद आणि कार्बन यांनी एकमेकांना धरावं म्हणून. मग ॲसिटिलीन, म्हणजे कार्बन देणारा गॅस, सोडला, आणि उजेड गुलाबीकडे झुकला. पातं त्यात सावकाश फिरत होतं. थोडं चढवायचं, वीज बंद करायची, निवू द्यायचं, पुन्हा चढवायचं. आबा काचेजवळून हलले नाहीत. शेवटी काजळ्यालाच त्यांच्यासाठी खुर्ची ओढून आणावी लागली.

चेंबर उघडल्यावर पातं बाहेर आलं ते काळंभोर, ओल्या दगडासारखं चमकत. बाईंनी पट्टीवर चिकटपट्टी लावून खसकन ओढली. काही निघालं नाही. आबांनी पात्यात आपलं तोंड पाहिलं.

"दाढी दिसतेय," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता. घरी जाताना गाडीत त्यांनी आपण होऊन सांगितलं, "थोरलीला कळव. रविवारी ये म्हणावं."

रविवारी सकाळी काजळ्याने पाणी तापवलं, साबणाचा फेस केला, आणि वस्तरा उघडला. मुठीतून काळे कपचे मांडीवर पडले. माशाच्या खवल्यांसारखे, वळलेले, पातळ. पात्यावर मधोमध थर सुटून आला होता आणि खालचं उघडं पोलाद डोळे वटारून बघत होतं.

आबा गळ्याशी टॉवेल लावून तयार बसले होते. त्यांनी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि टॉवेल काढून घडी घालून ठेवला. 

थोरली तेव्हा पोरींना घेऊन बसस्टँडवर उभी होती. काजळ्याने फोन केला.

"ताई, आज येऊ नकोस."

"का? आबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. दाढी होत नाहीये."

 ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, मी दाढीला भेटायला येत नाहीये."

"तूच सांग त्यांना."

"मी सांगून ऐकलंय कधी त्यांनी?" आणि ती पोरींना घेऊन परत गेली.

सोमवारी काजळ्या शेडमध्ये शिरला तोच तावातावाने. थर सुटला म्हणजे पोलादावर काहीतरी होतं, थर धरायला जागाच मिळाली नाही. काय होतं? त्याने तर डोळ्यांत तेल घालून धुतलं होतं. मग उरलं एकच.

"तुमच्या पंपाचं तेल आत येतंय," त्याने काकांना सगळ्यांदेखत धारेवर धरलं. "किती वेळा सांगितलं, झडप बघा म्हणून."

काकांच्या हातातला पाना तसाच राहिला. "माझा पंप?"

"मग कुणाचा?"

 त्या पंपाला काकांनी लेकरासारखं सांभाळलं होतं. पाना जागेवर ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

बाईंनी दोन्ही गोष्टी मागवल्या, पातं आणि पट्टी. भिंगाखाली धरल्या. पट्टी जशीच्या तशी होती. टोकदार खिळ्याने दाबूनही तिचा थर सुटला नाही.

"पंपाचं तेल असतं तर दोन्हीवर बसलं असतं," बाई म्हणाल्या. "हे बघ. नुसतं पात्याचंच गेलंय, आणि तेही दोन्ही बाजूंनी तेवढ्याच रुंदीत. तिरकं. धुतल्यावर याला उघडा हात लागलाय. बोट नाही, बोट एवढं रुंद नसतं."

काजळ्याने भिंगातून पाहिलं. तो पट्टा त्याने लहानपणापासून पाहिला होता, पण पोलादावर नव्हे, आबांच्या डाव्या हातावर. तळव्याची उशी.

बाहेर जाऊन तो काकांजवळ उभा राहिला. "काका, माझं चुकलं."

"चुकलंच," काका म्हणाले. थोडं थांबून, "कुणाचा हात होता?"

"बापाचा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग तिथेच विरला. "मग तू कुणावर ओरडणार," ते म्हणाले.

घरी आल्यावर काजळ्या पलंगाच्या कडेला बसला. "आबा, त्या दिवशी मी आत वाकलो होतो तेव्हा तुम्ही वस्तरा उचललात?"

"उचलला."

"तळव्यावर मारलात?"

"मारला की. तू आत घालणार होतास ना?" आबांना प्रश्नच कळला नव्हता. "तळव्याला लावल्याशिवाय वस्तरा दुसऱ्याच्या हातात देतात होय? धार गेलेली असली तर? गिऱ्हाइकाच्या मानेवर कळणार का ते?"

 चिडावं तर कशावर, ते काजळ्याला सापडेना. शेवटी म्हणाला, "हाताला तेल असतं, आबा. घाम असतो. थर त्याच्यावर बसला. पोलादावर बसलाच नाही."

आबांनी आपला तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "एवढ्याने?"

"एवढ्याने."

"केसाचा शंभरावा भाग," आबा हळूच म्हणाले, आणि हात पांघरुणाखाली घेतला.

उरलेला थर काढणं अवघड नव्हतं. ज्या उजेडाने चढवला त्यानेच उतरवता येतो, फक्त गॅस बदलायचा. ऑक्सिजनमध्ये कार्बन जळून हवा होतो. पातं पुन्हा पोलादाच्या रंगाचं झालं, पण धार गेली. ती परत लावायला हवी होती, आणि तेवढ्या दिवसांत आबा झपाट्याने उतरले. पायांवर सूज आली. दोन पावलं टाकली की धाप लागे. डॉक्टर दाराशी येऊन काजळ्याला हलक्या आवाजात म्हणाले, "ज्यांना भेटायचंय त्यांना लवकर बोलवा."

थोरलीला ते कळवलं तेव्हा ती निघायच्या तयारीला लागली. पण आबा हट्टाला पेटले. "दाढी होऊ दे," ते म्हणाले. "मग तिला म्हणावं राहा महिनाभर."

त्यांनी दगड मागवला. उशीला टेकून बसले, मांडीवर फळी, फळीवर दगड. हात दगडावर टेकवला. कंप या वेळी थांबला नाही. पातं दगडावर खडखडलं. त्यांनी पुन्हा टेकवला, पुन्हा खडखडलं. सून स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली.

आबांनी वस्तरा मुलापुढे धरला. "घे."

"मला येत नाही, आबा."

"येत नाही ते माहीत आहे मला. घे."

काजळ्याने घेतला. आबांनी डोळे मिटले.

"ठेव दगडावर. पाठ आणि धार, दोन्ही टेकू दे. दाबू नकोस, त्याचं वजन त्याला पुरे. आता ने. उलटताना पाठीवर उलट, धारेवर नाही. हं. परत आण. दाबतोयस."

"नाही दाबत."

"ऐकू येतंय मला. खरखर येते ती दाबल्याची. सुटा आवाज यायला हवा."

सकाळची दुपार झाली. आबांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. दगडावरच्या आवाजावरून सांगत गेले. टोकाशी हलका हो. मध्ये पाणी घे. घाई करतोस, बस सुटणार आहे का तुझी? एकदा काजळ्याचं मनगट दुखलं म्हणून तो थांबला, तर म्हणाले, "दुकानात बसला असतास तर एवढं दुखलं नसतं." इतक्या वर्षांत त्यांनी मुलापाशी दुकानात बसण्याची गोष्ट पहिल्यांदा काढली. काजळ्या म्हणाला, "बसलो असतो तर आज थर कोणी चढवला असता?" आबा हसले, आणि हसण्याने त्यांना खोकला आला.

मग पट्ट्यावर. मग आबांनी तळवा पुढे केला. तो कापत होता.

"लाव."

"तुम्हाला लागेल."

"लाव म्हणतो."

काजळ्याने डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या हाताने पातं उशीवर दोनदा हलकेच पुसलं, आबा पुसत तसं, ओरखडाही न येऊ देता. आबा वाट बघत राहिले. एखादी चव जिभेवर उतरायची वाट बघावी तसे.

"लागली," ते म्हणाले. "ने आता. धू. मी हात लावणार नाही."

शेडमध्ये या वेळी काकांनी पंपाजवळून हलायचं नाही असं ठरवलं होतं. काजळ्याने मूठ सोडवली, पातं धुतलं, वाळवलं, ट्रेमध्ये ठेवलं. आकडे आधीच बसवून ठेवले होते. हातमोजे घालून त्याने पातं उचललं, आणि दाराशी आल्यावर त्याचा उजवा हात आपोआप डाव्या तळव्याकडे वळला. तो थांबला. पातं तळव्यापासून बोटभर दूर होतं. काकांनी पाहिलं. काजळ्याने हात मागे घेतला आणि पातं आकड्याला अडकवलं.

जांभळा उजेड आला, मग गुलाबी. थांबत थांबत, निववत निववत त्याने तो चढवला. पातं काळं होऊन आलं. त्याने ते लगेच घरी नेलं नाही. शेडमध्येच, झाकून ठेवलं. दुसऱ्या सकाळी झाकण काढताना बाई आणि काका दोघंही येऊन उभे होते. खाली कापडावर एक कण पडलेला नव्हता.

थोरली आदल्या संध्याकाळीच पोरींना घेऊन आली होती आणि शेजारणीकडे उतरली होती, कारण आबांनी दाराशीच सांगितलं होतं, थांब. तिनेही जीव मुठीत धरून ऐकलं होतं.

काजळ्याने बापाच्या गळ्याशी टॉवेल लावला. फेस लावला. वस्तरा उघडला.

"गाल ताण," आबा म्हणाले. "वरून खाली. केसाची वाट बघ, केस ज्या वाटेने गेलाय त्या वाटेने."

त्याने वस्तरा कानाजवळ टेकवला आणि खाली आणला. फेस गेला, खालची कातडी दिसली. पातळ, निळसर, अखंड. दुसऱ्यांदा फिरवला. तिसऱ्यांदा.

"सुरू कर की," आबा म्हणाले.

"सुरू आहे, आबा. अर्धा गाल झाला."

आबांनी डोळे उघडले. "आवाज येत नाहीये."

"येत नाही याला आवाज."

त्यांनी तळवा वर नेऊन झालेल्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला. दाढीची ती खरखर ऐकत ऐकत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या खरखरीवरून त्यांना केस, कातडी, माणसाचं वय आणि रात्रीची झोप कळायची. आता ती नव्हती. पण गाल गुळगुळीत होता. "बरं," ते म्हणाले. "हनुवटीला जप. तिथे खड्डा आहे."

खड्ड्याशी एक थेंब रक्त आलं. सुनेने कापूस दाबून धरला. थोड्या वेळाने कापूस काढला तेव्हा रक्त थांबलं होतं.

मग त्यांनी आरसा मागितला. डावा कल्ला, उजवा कल्ला पाहिला. "उजवा अर्धं सूत वर गेलाय," ते म्हणाले. "पण चालेल. बोलाव त्यांना."

थोरलीने एकीला त्यांच्या कुशीत दिलं, दुसरीला काजळ्याने धरलं. आबांनी मान वाकवून आपला गाल पोरीच्या गालाला लावला. ती किंचाळली नाही. तिने त्यांचा कान पकडला. दोरा कुणाच्या मनगटाला होता ते त्यांनी विचारलंच नाही. एकदा हिला, एकदा तिला, असं करत राहिले. थोरली पलंगाच्या पायथ्याशी बसून पदर तोंडावर घेऊन रडत होती.

"दाढीला भेटायला आली नव्हतीस ना," आबा तिला म्हणाले. "मग रडतेस कशाला? झाली की."

ती महिनाभर राहिली. काजळ्या कामावर जायच्या आधी रोज त्यांची दाढी करी. एके दिवशी आबांनी विचारलं, "हा आता दगडावर जायचा नाही ना?"

"नाही."

"मग धार गेली की?"

"गेली की गेली."

आबांनी मान हलवली. "मला पुरेल," ते म्हणाले.

धार शेवटपर्यंत राहिली. पोरी पालथ्या पडू लागल्या होत्या. आबा त्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, दाढी झाल्यावर, घरीच वारले.